सूर्य पाठीमागे असताना फ्लॅश कसा वापरावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: सूर्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या व्यक्तीचा फोटो काढला की आकाश छान येते, पण चेहरा काळवंडतो, एक्स्पोजर (फोटोत येणारा एकूण उजेड) वाढवले की चेहरा दिसू लागतो, पण आकाश पांढरेफटक होते, आणि फ्लॅश मारला तर चेहरा चपटा व चकचकीत दिसतो. माझ्या मते फ्लॅश अवश्य वापरावा, मात्र पार्श्वभूमीचे एक्स्पोजर आधी ठरवावे आणि फ्लॅशकडे त्यानंतर वळावे. हा क्रम उलटा झाला की आपण सांगता तसे फोटो येतात.

अशा फोटोत दोन एक्स्पोजर एकावर एक पडत असतात. उन्हाचा उजेड शटर उघडे असेपर्यंत सेन्सरवर साठत राहतो, त्यामुळे शटर स्पीड (शटर किती वेळ उघडे राहते), ॲपर्चर (लेन्सचे छिद्र किती मोठे) आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) या तिन्हींचा त्याच्यावर परिणाम होतो. फ्लॅशचा झोत मात्र सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात आटोपतो, आणि मंद ताकदीवर तर त्याहूनही लवकर. त्यामुळे शटर त्याच्या आधी किंवा नंतर किती वेळ उघडे होते, याने त्याला काहीच फरक पडत नाही. म्हणजे पार्श्वभूमी उजळ किंवा गडद करायची असेल तर शटर बदलावे, आणि चेहरा बदलायचा असेल तर फ्लॅशची ताकद बदलावी.

मी स्वतः कॅमेरा मॅन्युअलवर ठेवतो, फ्लॅश बंद करतो, आकाशाचा रंग मनासारखा येईपर्यंत एक-दोन फोटो काढून पाहतो, आणि चेहरा त्यात काळा दिसत असला तरी तिकडे लक्ष देत नाही. मग फ्लॅश टीटीएलवर (यात कॅमेरा लेन्समधून आलेला उजेड मोजून फ्लॅशची ताकद स्वतः ठरवतो) सुरू करून त्याचे कॉम्पेन्सेशन, म्हणजे त्या ताकदीत आपण केलेला बदल, उणे १ वर, म्हणजे निम्म्या उजेडावर ठेवतो. तरीही चेहरा कृत्रिम वाटला तर उणे १.७ पर्यंत खाली येतो. पूर्ण ताकदीचा फ्लॅश चेहऱ्यावरच्या सगळ्या सावल्या पुसून टाकतो, आणि चपटेपणा येतो तो त्यामुळेच. ताकद कमी केली की नाकाच्या बाजूची आणि हनुवटीखालची सौम्य सावली टिकते, केसांच्या कडेला सूर्याची सोनेरी रेघ तशीच राहते आणि डोळ्यांत एक बारीकसा ठिपका चमकतो. त्या ठिपक्याने निर्जीव वाटणारे डोळे जिवंत होतात. मला तर केवळ त्यासाठीही फ्लॅश वापरावासा वाटतो.

खरी अडचण सिंक स्पीडची, म्हणजे फ्लॅशबरोबर वापरता येणाऱ्या सर्वांत वेगवान शटर स्पीडची असते. बहुतेक कॅमेऱ्यांत ती १/२०० किंवा १/२५० सेकंद असते. त्याहून वेगवान शटर ठेवले तर संपूर्ण सेन्सर एकाच क्षणी उघडा नसतो, शटरचे दोन पडदे फक्त एक फट पुढे सरकवत नेतात. साध्या ट्रिगरने (फ्लॅश दुरून पेटवणाऱ्या उपकरणाने) जोडलेला फ्लॅश मी एकदा १/५०० वर वापरला, तेव्हा फोटोच्या एका कडेला काळा पट्टा आला होता, तो याच कारणाने. म्हणून भर उन्हात आयएसओ १०० आणि १/२०० सेकंद ठेवले की ॲपर्चर एफ/११ च्या आसपास न्यावे लागते (हा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान). आता गाईड नंबरला (फ्लॅशची ताकद सांगणाऱ्या आकड्याला) ॲपर्चरच्या आकड्याने भागले की फ्लॅश किती अंतरापर्यंत पुरेल ते कळते. कॅमेऱ्यातील छोट्या फ्लॅशचा गाईड नंबर आयएसओ १०० ला सुमारे १२ असेल, तर १२ भागिले ११, म्हणजे जेमतेम १.१ मीटर, उणे १ म्हणजे निम्मा उजेड चालणार असल्याने ते दीड मीटर धरा. गाईड नंबर ४० असलेला बाहेरचा फ्लॅश याच हिशेबाने पाच मीटरपर्यंत काम देतो. पूर्ण उंचीचा किंवा घोळक्याचा फोटो छोट्या फ्लॅशने भर दुपारी का जमत नाही, हे या आकड्यांवरून दिसते.

येथे अनेकजण आयएसओ वाढवतात, पण उन्हात त्याचा उपयोग होत नाही: आकाश जळू नये म्हणून ॲपर्चर तेवढेच बंद करावे लागते आणि फ्लॅशचा वाढलेला पल्ला पुन्हा तेवढाच कमी होतो. खरा फायदा होतो तो व्यक्तीच्या जवळ जाण्याने, कारण अंतर निम्मे केले की फ्लॅशचा उजेड चौपट पडतो. हाय स्पीड सिंकने (सिंक स्पीडहून वेगवान शटरवरही फ्लॅश चालवणाऱ्या सोयीने) एफ/२.८ सारखे मोठे ॲपर्चर वापरता येते, पण त्यात फ्लॅशची ताकद बरीच खर्ची पडते, म्हणून तो पर्याय मी फक्त जवळच्या पोर्ट्रेटसाठी ठेवतो. छोटा फ्लॅश वापरताना लेन्सवरचा हूड (पुढे लावलेली ऊन अडवणारी कड) काढून ठेवा, नाहीतर फोटोच्या खालच्या भागात त्याची अर्धगोल सावली येते. हूड नसल्यामुळे सूर्य थेट लेन्सवर येत असेल तर वरून हाताचा आडोसा धरावा. ऑटो मोडमध्ये भरपूर उजेड पाहून कॅमेरा बहुधा फ्लॅश मारतच नाही, तो आपणच सक्तीने चालू करावा लागतो.

संध्याकाळी ताकदीचा प्रश्न मिटतो आणि रंगाचा सुरू होतो. फ्लॅशचा रंग साधारण दुपारच्या उन्हासारखा पांढरा, मावळतीचा उजेड नारिंगी. त्यामुळे केस सोनेरी आणि चेहरा निळसर, अशी विसंगती दिसते. फ्लॅशच्या तोंडावर फिकट नारिंगी जेलचा (रंगीत पारदर्शक कागदाचा) तुकडा चिकटवला की चेहऱ्याचा रंग त्या उजेडाशी जुळतो. जेल गडद नको; तिने गाल पिवळे पडतात.