वाचकांचे प्रश्न : वाफेचं इंजिन आणि पांढरा गोळा

प्रश्न : डिसेंबरात दार्जिलिंगला वाफेच्या गाडीचे फोटो काढायचे आहेत. मागे एकदा इंजिन काळं ठिक्कर आणि वाफ नुसता पांढरा गोळा आली. काय चुकलं? (एक वाचक, बडोदे)

उत्तर : चूक मीटरची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाची. चौकटीत वाफ जास्त आली की कॅमेरा एक्स्पोजर (आत घेतलेला प्रकाश) कमी करतो, इंजिन जास्त आलं की वाढवतो. म्हणून मॅन्युअलवर जा, म्हणजे आकडे स्वतः ठरवा. गाडी येण्याआधी उन्हातल्या गवतावर मोजा आणि आकडे तिथेच ठेवा. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. काळोखातले तपशील नंतर उजळता येतात, जळालेली वाफ परत येत नाही.

सकाळ गाठा. थंड हवेत वाफ दाट दिसते आणि तिरप्या उन्हात चाकं, दांडे उजळतात. दुपारी चाकांवर सावलीच. समोरून येणाऱ्या गाडीला १/५०० सेकंदाचा शटर वेग पुरे. चाकं फिरती दिसायला हवीत तर १/३० वर कॅमेरा गाडीबरोबर फिरवा. गाडी इतकी संथ की १/१२५ वर ती उभीच वाटेल. चाकांना जोडणारा दांडा खाली आलेला क्षण पकडा, चाकांचे आरे मोकळे दिसतात.

दार्जिलिंगजवळच्या बतासिया लूपवर, म्हणजे रुळांच्या गोल वळशावर, वळणाच्या आतल्या बाजूला, पण रुळांपासून दूर राहा. काचेवर काजळी पडली तर पुसू नका, ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी फुग्याने) उडवा. कणांनी ओरखडे पडतात. थंडीतून उबदार खोलीत शिरण्यापूर्वी कॅमेरा बॅगेत बंद करा, नाहीतर काचेवर दव धरतं.

जाता जाता : दार्जिलिंगच्या दोन रुळांतलं अंतर दोन फूट, आपल्या बडोद्याजवळच्या डभोईला ते अडीच फूट होतं. डभोईला १८६२ साली गाडी बैल ओढत!