पाचगणीची हवा, वाईची भाजी आणि धावडांच्या भट्ट्या
(वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात सातारा जिल्ह्यातल्या थंड हवेच्या ठिकाणांवर दोनच ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं आली की हा सगळा सदराचा भाग त्यालाच देतेय. चार प्रश्न निवडलेत.

प्रश्न : माझ्या पणजीला लग्नानंतर दोनच वर्षांत टीबी झाला आणि तिला पाचगणीला ठेवलं होतं असं आजी सांगायची, साल साधारण १९३५ असेल. गव्हर्नर राहायचे महाबळेश्वरला, नाव त्याचंच मोठं, मग पेशंट पाचगणीला का न्यायचे? आणि नुसत्या हवेने टीबी बरा व्हायचा का हो? – एक वाचक, भुईंज

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात, पाऊस. महाबळेश्वर अगदी सह्याद्रीच्या माथ्यावर, कोकणातून वर येणारे ढग तिथंच रिकामे होतात, वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलीमीटर पाऊस. जून लागला की बंगल्यांना गवताच्या झड्या बांधायच्या, कुलपं लावायची आणि साहेबलोक खाली उतरायचे, बाजारही ओस पडायचा. म्हणजे एप्रिल-मे आणि पुन्हा ऑक्टोबर एवढाच काय तो सीझन. आता तिथून पाचगणी जेमतेम १८-२० किलोमीटर पूर्वेला, उंचीही जवळपास तेवढीच, पण पाऊस निम्म्याहूनही कमी. आजारी माणसाला दोन महिने ठेवून काय उपयोग, त्याला वर्ष-दीड वर्ष एका जागी राहता आलं पाहिजे, आणि ते पाचगणीत जमायचं. १८६० नंतरच्या काळात जॉन चेसन नावाच्या इंग्रजाकडे हे ठिकाण वसवायचं काम आलं ते याचसाठी, की बारा महिने राहता येईल अशी जागा हवी होती. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधली ती जागा. आज रस्त्याच्या दोन्ही बाजूला जे उंच सिल्व्हर ओक दिसतात ते त्यानेच आणले, झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं.

पुढे १९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी बेल-एअर सॅनेटोरियम काढलं, खास टीबीच्या पेशंटसाठी. ती संस्था आजही आहे, आता रेडक्रॉसकडे. तुमची पणजी तिथंच होती की एखाद्या भाड्याच्या बंगल्यात हे तुम्हालाच घरातल्या मोठ्यांना विचारून काढावं लागेल, कारण बंगला भाड्याने घेऊन, सोबत घरातली एखादी बाई आणि स्वयंपाकीण देऊन पेशंट ठेवायचीही पद्धत होती.

आता हवेने बरं व्हायचं का. खरं सांगते, हवा जंतू मारत नाही. त्या काळच्या सॅनेटोरियममध्ये दिवसच्या दिवस उघड्या व्हरांड्यात पडून राहायचं, बोलायचंसुद्धा कमी, दूध अंडी लोणी भरपूर, दर आठवड्याला वजन, आणि काही पेशंटना छातीत सुईने हवा भरून ते आजारी फुफ्फुस दाबून ठेवायचे म्हणजे त्याला आराम मिळेल. शरीरात ताकद आली की काही जण बरे व्हायचे, पुष्कळ जण नाही व्हायचे. स्ट्रेप्टोमायसीन १९४३ ला सापडलं, त्यामागून दुसरी औषधं आली, आणि मग १९५९ साली मद्रासच्या टीबीवरच्या औषधोपचारांच्या संशोधन केंद्राने एक अभ्यास छापला, मला तो फार महत्त्वाचा वाटतो. त्यांनी काही पेशंटना सॅनेटोरियममध्ये आणि काहींना त्यांच्याच दाटीवाटीच्या घरात तीच औषधं वर्षभर दिली, आणि गुण जवळजवळ सारखाच आला, घरातल्या बाकीच्यांनाही त्यामुळे जास्त धोका झाला नाही. म्हणजे आजारी बाईला मूल सोडून डोंगरावर जाऊन पडायची गरजच उरली नाही. तुमच्या पणजीच्या नशिबात ते नव्हतं, पंधरा-वीस वर्षांनी चुकलं, हे लिहिताना मलाही वाईट वाटतंय.

प्रश्न : इंग्रज यायच्या आधी तिथं नुसतं रान होतं का? आमच्या सहलीच्या गाईडने तसंच सांगितलं. – एक वाचक, पुणे

नाही हो, आणि हे वाक्य ऐकलं की मला राहवत नाही. कृष्णेच्या उगमाचं क्षेत्र महाबळेश्वर, तिथं यात्रेकरू शेकडो वर्षं येतायत. डोंगरउतारावर कुणबी, कोळी लोकांची नाचणी-वरईची शेती होती, रान तोडून जाळून त्या राखेत पेरायचं, दोन-तीन वर्षांनी जागा बदलायची, त्याला कुमरी म्हणायचे. धनगरांच्या म्हशी होत्या. आणि धावड होते! हे मुसलमान लोहार, जांभ्या दगडातलं लोखंड भट्टीत गाळून काढणारे. भट्टीला कोळसा लागतो आणि कोळशाला जंगल, इंग्रजांनी जंगलावर बंदी घातली तशी कुमरीही आवळत गेली आणि धावडांच्या भट्ट्याही विझल्या. साहेबाला सावली आणि देखावा पाहिजे होता, त्यासाठी ज्याचा पिढीजात धंदा गेला तो शेतात मजुरीला लागला. थंड हवेच्या ठिकाणाच्या कौतुकात ही माणसं कुठेच नसतात म्हणून जरा लांबण लावतेय.

जागा कशी मिळाली तेही सांगते. १८२४ ला लॉडविक नावाचा अधिकारी वर चढून गेला, १८२८ ला गव्हर्नर जॉन माल्कमने जागा नक्की केली, पण मुलूख होता साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांचा. मग १८२९ मध्ये अदलाबदल झाली, कंपनीने महाराजांना खंडाळा गाव दिलं (लोणावळ्याजवळचं नव्हे, आपल्या सातारा जिल्ह्यातलं) आणि महाबळेश्वर घेतलं. बाजाराला नाव पडलं माल्कमपेठ. वेण्णा तलावही साताऱ्याच्याच महाराजांनी, आप्पासाहेबांनी, १८४२ ला बांधून घेतला.

आणि एक, बटाटा. माल्कमपेठेत एक तुरुंग होता, त्यात चिनी आणि मलायी कैदी, समुद्रापलीकडून आणलेले. त्यांना भाजीच्या बागांवर लावलं होतं, विलायती भाज्या, त्यात मुख्य बटाटा. १८६४ च्या सुमारास तो तुरुंग बंद झाला पण बटाटा डोंगरात राहिला तो राहिलाच.

प्रश्न : स्ट्रॉबेरी इंग्रजांनीच आणली ना? – एक वाचक, नाशिक

हो, पीक त्यांच्याच काळातलं. पण आज जी पेटीत मिळते ती स्वीट चार्ली, कॅमारोसा, विंटर डॉन असल्या अलीकडच्या जातींची, मातृरोपं बाहेरून मागवून इथं त्यांचे रनर, म्हणजे जमिनीवर पसरून मुळं धरणारे फुटवे, वाढवतात. २०१० ला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात कष्ट सगळे इथल्या शेतकऱ्याचे, ते इंग्रजाच्या खात्यावर टाकू नका.

प्रश्न : आमचं घर पाचगणीच्या गावठाणात आहे. खापरपणजोबांना कपडे धुण्याच्या कामासाठी साहेबाने आणलं असं घरात सांगतात. हे खरं असेल का आणि कागद कुठे मिळतील? – एक वाचक, पाचगणी

खरं असण्याची शक्यता भरपूर आहे. चेसनने बंगल्यांचे प्लॉट पाडले तसे कामाची माणसंही बोलावून वसवली, शिंपी, धोबी, खाटीक, भाजीवाले, बांधकामाचे ठेकेदार, आणि त्यांना बाजाराच्या खालची जागा दिली, तेच तुमचं गावठाण. विचार करा ना, व्हरांड्यात झोपलेल्या पेशंटची चादर रोज कोण धुणार, दूध कोण आणणार? दूध-लोणी आसपासच्या वाड्यांवरून, भाजी-धान्य वाईच्या बाजारातून पसरणीचा घाट चढून. पेशंट स्वतः वाठार स्टेशनला रेल्वेतून उतरायचा आणि तिथून टांग्याने वाईमार्गे वर, म्हणजे टांगेवाला, नालबंद, घोड्याचं गवत विकणारी बाई सगळ्यांचीच चूल त्या हवेवर पेटायची. बंगल्यांची नावं पाट्यांवर राहिली, या लोकांची नाही राहिली, म्हणून तुमचं पत्र मला फार मोलाचं वाटलं.

कागदांचं असं करा. आधी नगर भूमापनच्या ऑफिसातून घराची मिळकत पत्रिका काढा आणि तिच्यावरच्या नोंदी मागे मागे लावत जा, जुन्या सनदेचा किंवा भाडेपट्ट्याचा उल्लेख असेल तर तिथं सापडतो. मग नगरपालिकेच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या. मग साताऱ्याला कलेक्टर कचेरीचा रेकॉर्ड रूम, अर्ज लेखी द्या आणि त्यात गावाचं नाव जुन्या पद्धतीने, शेजारच्या पाच गावांसकट लिहा कारण जमीन त्या गावांमधून आलेली आहे. एवढ्याने नाही भागलं तर पुण्याचं पुराभिलेखागार. १८८५ चं सातारा जिल्ह्याचं गॅझेटियरही चाळा, त्यात नाव नाही मिळणार पण पाचगणी तेव्हा कशी होती ते कळेल. मोडीतला कागद निघाला तर घाबरू नका, फोटो काढून आमच्या पत्त्यावर पाठवा, मला मोडी येते, मी वाचून देईन. आणि घरात अजून कुणी ऐंशीच्या पुढचं असेल तर कचेरीत जायच्या आधी त्यांच्याजवळ बसा, कुठल्या गावाहून आलो, कुठल्या बंगल्याचे कपडे यायचे, धुणं कुठल्या पाण्यावर व्हायचं, हे सगळं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.