गुडघा पास, मी नापास

सिस्टरबाईंना विचारा : वाचकांचे प्रश्न, ऑर्थो वॉर्डात २८ वर्षं काढलेल्या रिटायर्ड सिस्टरची उत्तरं

प्रश्न : नमस्कार सिस्टर, माझं नाव छापू नका, मिरजेची एक वाचक एवढं टाका. वय ६६, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन ७ आठवडे झालेत. टाके छान भरलेत, १०० डिग्री वाकतो, फिजिओ मॅडम म्हणतात काकू तुम्ही पास. पण सिस्टर गुडघा पास झाला आणि मी नापास झालेय असं वाटतं. रात्री ९ ला जेवण-गोळ्या उरकून आडवी होते, सव्वा नऊला डोळा लागतो पण सव्वा एकला टक्क जाग येते ती येतेच, मग पहाटेपर्यंत पंख्याकडे बघत पडायचं. पाठीवरच झोपायला सांगितलंय, मला जन्मात कधी पाठीवर झोप आलेली नाही, आणि हे म्हणतात की आता तू घोरायला पण लागलीस. दुखायची गोळी सकाळी नाश्त्यानंतर आणि संध्याकाळी ७ ला असते. रात्री झोप नाही म्हणून दुपारी दीड ते चार पडते. दिवसा कशात मन लागत नाही, सीरियल नको, फोन नको, परवा दूध उतू गेलं तर मी हमसून हमसून रडले. सून सगळं करते, कधी तोंड वाकडं केलं नाही, त्याचंच मला जास्त होतं. मुलाने एवढा खर्च केला आणि आई रडत बसते हे कुणाला सांगू? शेजारच्या बाई तिसऱ्या आठवड्यात जिने चढत होत्या. त्यांच्याकडची झोपेची अर्धी गोळी मी दोनदा घेतली, झोप लागली पण सकाळी तोल जात होता. डावा गुडघा पण करायचाय म्हणे. मला तर वाटतं उजवाच उगाच केला.

उत्तर : ताई, आधी हे सांगते की तुम्ही वेड्याबिड्या नाही आणि कृतघ्न तर अजिबात नाही. गुडघा बदलल्यावर पहिले दोन-तीन महिने झोपेचं खोबरं होणं हे इतकं नेहमीचं आहे की खरं तर डिस्चार्जच्या कागदावर छापायला पाहिजे. पण त्या कागदावर टाके, गोळ्या, व्यायाम, पुढची तारीख सगळं असतं, झोपेची एक ओळ नसते. मी स्वतः २८ वर्षं पेशंटना "झोपा आता, काही होत नाही" असं दरडावत आले आणि २०१९ ला माझा डावा गुडघा झाला तेव्हा रात्री तीनला किचनमध्ये वॉकर धरून उभी राहून रडले, कशासाठी ते आजही सांगता येणार नाही. आमचे हे उठून आले, लाइट लावला, काही बोलले नाहीत, चहा टाकला. तो चहा तेव्हा प्यायला नको होता हे वेगळं.

आता तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला वाटतं अर्धं उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंय. गोळी संध्याकाळी ७ ला. साध्या पॅरासिटामॉलचा किंवा ट्रॅमाडॉल (हे दुखण्यावरचं जास्त कडक औषध) मिसळलेल्या गोळीचा असर साधारण सहा तास धरा, म्हणजे तो उतरतो एकच्या सुमाराला, आणि तुम्हाला जाग कधी येते तर सव्वा एकला! त्यामुळे पहिलं काम म्हणजे सर्जनना किंवा त्यांच्या असिस्टंटना फोन करून विचारा की संध्याकाळची गोळी झोपायच्या वेळेला सरकवली तर चालेल का. बहुतेक वेळा चालतं, पण तुमची बीपी, किडनी, शुगर त्यांना माहिती आहे, मला नाही, म्हणून विचारूनच करा. आणि मनानेच जादाची गोळी घेऊ नका, ट्रॅमाडॉलच्या गोळीत पॅरासिटामॉल आधीच असतं बऱ्याचदा, वरून तापाची गोळी घेतली की डोस डबल होतो आणि ते लिव्हरला महागात पडतं. ट्रॅमाडॉलने काहींची झोप उलट तुटक होते, भलतीसलती स्वप्नं पडतात, पोट साफ होत नाही, तसं होत असेल तर तेही सांगा. सात आठवड्यांनी बऱ्याच जणांचं ते बंदच करता येतं.

दुसरं, जरा हिशोब करू. दुपारी दीड ते चार म्हणजे अडीच तास. रात्री सव्वा नऊ ते सव्वा एक म्हणजे चार. झाले की साडेसहा! आपल्या वयाला सहा-सात तास झोप झाली की शरीर म्हणतं बास, माझा कोटा पूर्ण. म्हणजे तुमची झोप पळालेली नाहीये, ती चुकीच्या वेळी खर्च होतेय. दुपारचं पडणं अर्ध्या तासावर आणा, गजर लावून, आणि तीनच्या आत. रात्री साडेदहाच्या आधी पलंगावर जायचंच नाही, डोळे मिटले तरी खुर्चीत बसून राहा, सुनेशी बोला, काहीही करा. आणि सकाळी रात्र कशीही गेली तरी एकाच वेळेला उठायचं, मग गॅलरीत नाहीतर अंगणात उन्हात पंधरा-वीस मिनिटं. पहिले चार-पाच दिवस जीव जाईल, माझाही गेला होता, आठवड्याने फरक पडायला लागतो. दुपारी चारनंतर चहा-कॉफी बंद, मिरजेत पाचचा चहा सोडायचा म्हणजे काय हे मला कळतं पण सोडा.

रात्री जाग आलीच तर तळमळत पडू नका. पंधरा-वीस मिनिटांत झोप नाही आली तर उठून खुर्चीत बसा, मंद दिवा, मोबाईल नाही, जपमाळ घ्या, जुना दिवाळी अंक घ्या, पेंग आली की परत आडवं. फक्त उठताना घाई नको, वॉकर किंवा काठी हाताशी, पॅसेजमध्ये नाइट लॅम्प, बाथरूमची फरशी कोरडी. गुडघ्याची वाट लावणारे पेशंट मी बघितलेत त्यातले कितीतरी रात्री दोनला अंधारात लघवीला उठलेले होते.

पाठीवर झोपायचं म्हणता, ते बहुतेक पहिल्या काही आठवड्यांपुरतं असतं, आता सातव्या आठवड्यात कुशीवर चालेल का ते सर्जनना विचारा. हो म्हणाले तर डाव्या कुशीवर, म्हणजे ऑपरेशनचा पाय वर, आणि दोन्ही पायांच्या मध्ये गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पुरेल अशी जाड उशी नाहीतर गोधडीची गुंडाळी. पण ऑपरेशनच्या गुडघ्याखाली उशी ठेवून झोपायचं नाही हं, कितीही सुख वाटलं तरी. तिथे उशी ठेवली की गुडघा वाकलेला राहायची सवय लागते, मग सरळ होत नाही आणि पुढे लंगडत चालावं लागतं. पाय उचलून ठेवायचाच असेल तर टाचेखाली. झोपायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं बर्फाचा शेक, टॉवेलात गुंडाळून, आणि मध्येमध्ये कातडी बघा कारण टाक्याच्या बाहेरच्या बाजूला एक पट्टा बधीर असतो, तिथे गार लागलेलं कळत नाही. शेवटचा व्यायाम झोपायच्या दोन-तीन तास आधी उरका, काही जणी फिजिओ रागावतील म्हणून रात्री दहाला गुडघा वाकवत बसतात आणि मग तो रात्रभर ठणकतो. जायफळ दुधात चिमूटभर उगाळून घेतलं तर घ्या, चिमूटभर म्हणजे चिमूटभर, अख्खं जायफळ विषारी पडतं. आणि कुणी मालिशवाली बाई सुचवली तर पोटरी रगडून घेऊ नका, पायात रक्ताची गुठळी असली तर ते जिवावर बेतू शकतं.

आता त्या अर्ध्या गोळीवर मी रागावणार आहे. शेजारणीची गोळी ही शेजारणीची. झोपेच्या बऱ्याच गोळ्या एच-वन यादीत आहेत, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मेडिकलवाल्याने द्यायच्या नसतात, ते उगाच नाही. ट्रॅमाडॉल किंवा प्रीगॅबलीन (नसांच्या दुखण्याची गोळी) चालू असताना वरून झोपेची गोळी पडली की श्वास मंदावू शकतो, आणि तुम्ही तर घोरताय. पाठीवर झोपल्याने घोरणं वाढतंच, पण झोपेत श्वास मध्येच थांबतोय, दचकून जाग येते, सकाळी डोकं जड असतं असं असेल तर ते वेगळं दुखणं आहे आणि त्याने झोप आणि मूड दोन्ही जातात. ह्यांना एक रात्र लक्ष ठेवायला सांगा, तसे तेही जागेच असतील. शिवाय सकाळी तुमचा तोल गेला म्हणता, नवा गुडघा घेऊन पडलात म्हणजे?

रडू येतं त्याबद्दल. काही भाग शरीराचा आहे. ऑपरेशनमध्ये रक्त जातं, हिमोग्लोबिन उतरतं, मग दम नाही, उत्साह नाही. पुढच्या व्हिजिटला हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, शुगर बघून घ्या, आपल्याकडे शाकाहारी बायकांत बी-१२ कमी सापडणं रोजचं आहे. आणि सात आठवडे झोप मोडली तर कुणाचंही मन हळवं होतं, त्याला तुम्ही एकट्या अपवाद कशाला असाल. पण राहिलेला भाग मला वाटतं वेगळा आहे. चाळीस वर्षं ज्या घरात सगळ्यांच्या आधी उठून तुम्ही चूल पेटवली तिथे आता पाण्याचा तांब्या सुद्धा कुणीतरी आणून देतं. सून चांगली आहे म्हणून जास्त होतं असं तुम्ही लिहिलंत ते मला फार खरं वाटलं. तर तिला सरळ सांगा की माझ्याकडून काहीतरी काढून घे. टेबलाशी बसून भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या, नातवाचा अभ्यास, दूधवाल्याचा हिशोब, जे बसून होईल ते तुमचं, आणि ते रोज ठरलेल्या वेळेला, मन असो नसो. मन लागल्यावर काम करू म्हणाल तर वाट बघत बसाल, हात चालू झाले की मन मागून येतं बऱ्याचदा. रोज एकदा घराबाहेर, आज फाटकापर्यंत, चार दिवसांनी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. आणि बघायला येणारी मंडळी! प्रत्येकाला अख्खी कहाणी पहिल्यापासून सांगायची आणि वर "अमक्याचं तर फेल गेलं हो" हे ऐकायचं. सुनेला सांगा, काकू आत झोपल्यात म्हणून दारातूनच वाटेला लाव. ही थाप देव माफ करतो.

शेजारच्या बाई तिसऱ्या आठवड्यात जिने चढल्या असतील, चढू देत. त्या रात्री झोपतात की नाही हे विचारलंत का कधी? त्यांच्या घरात झोपेच्या गोळ्या कशाला आहेत मग?

डाव्या गुडघ्याचा निर्णय आत्ता घ्यायचाच नाही. गुडघ्याला सूज आणि ऊब कित्येक महिने राहते, सातव्या आठवड्यात "उगाच केलं" असं वाटलेले कितीतरी जण सहा महिन्यांनी दुसऱ्याची तारीख विचारायला आलेले मी बघितलेत. सगळेच नाही, काही जण वर्षानेही नाराज असतात, खोटं कशाला बोलू. पण आत्ताच्या मनाने कौल लावू नका.

एक मात्र नीट वाचा. दोन आठवड्यांहून जास्त दिवस, दिवसाचा बहुतेक वेळ उदास, जेवण जात नाही, कशात गोडी नाही असं असेल तर फॅमिली डॉक्टरना "झोप येत नाही" एवढंच सांगून येऊ नका, हे सगळं सांगा. त्यावर औषधं आहेत, बोलून उपचार आहेत, आणि मनाची गोळी सुरू केली तर ट्रॅमाडॉल चालू आहे हे देणाऱ्याला सांगायचं, दोन्हीची कधीकधी जुंपते. जगून काय करू असं मनात आलं तर त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि १४४१६ ला फोन करा, ही सरकारची टेली-मानस लाइन, २४ तास, फुकट, मराठीत बोलता येतं. आणि ताप, गुडघा लाल-गरम होत जाणं, टाक्यातून पाणी, पोटरी सुजून दुखणं ह्यातलं काही झालं तर त्याच दिवशी सर्जन. छातीत दुखलं किंवा अचानक दम लागला तर फोन करत न बसता थेट हॉस्पिटल.

प्रश्न : माझ्या वडिलांचे (वय ७४) दोन्ही गुडघे चार दिवसांपूर्वी बदलले, अजून हॉस्पिटलमध्येच आहेत. दिवसभर झोपतात आणि संध्याकाळ झाली की "गोठ्यात कोण शिरलंय बघ" म्हणतात, सलाईन ओढतात, काल मला ओळखलं नाही. डोक्यावर परिणाम झाला का? (डोंबिवली)

उत्तर : बाळा, घाबरू नकोस पण आजच, हे वाचल्या वाचल्या, ड्युटी डॉक्टरना सांग. ह्याला डिलिरियम म्हणतात, वयस्कर माणसांत मोठ्या ऑपरेशननंतर होतो, अचानक येतो, संध्याकाळी वाढतो आणि बहुतेकांचा काही दिवसांत उतरतो. वेड नाही हे. पण मागे कारण असतं, लघवी तुंबलेली, पोट साफ नाही, सोडियम कमी, शुगर वरखाली, इन्फेक्शन, ऑक्सिजन कमी, नवीन गोळी, ते शोधावं लागतं. चष्मा, कानाचं मशीन, कवळी घरी राहिली असेल तर आधी आण, समोर घड्याळ लाव, दिवसा पडदे उघडे, रोज तेच एक माणूस जवळ. गोठा नाहीये म्हणून वाद घालू नकोस, "मी बघून आले, बंद केलाय" म्हण. आणि एक अवघड गोष्ट, बाबा रोज संध्याकाळी घेत असतील तर ते लाजून लपवू नका. रोजची दारू एकदम तुटली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी असंच होतं आणि त्याचा उपचार वेगळा आहे, वेळेत नाही केला तर धोका आहे.

प्रश्न : गुडघा बदलून चार महिने झालेत, झोप आता बरी लागते, पण गुडघ्यात टकटक आवाज येतो. आणि गौरी-गणपतीला खाली बसता येईल का? (चिपळूण)

उत्तर : धातू आणि प्लास्टिक एकमेकांना लागतं त्याचा आवाज आहे तो, दुखत नसेल, सूज नसेल तर वाजू दे. खाली बसायचं मात्र सर्जनना विचारल्याशिवाय नाही, मांडी घालणं तर बहुतेक जण नकोच म्हणतात, आणि बसणं एक वेळ जमतं पण उठवायला दोन माणसं लागतात. गणपती जरा उंच चौरंगावर बसवा आणि तुम्ही खुर्चीवर, देवाला चालतं. मोदक टेबलाशी बसून वळता येतात, मी तसेच वळते, पाकळ्या वाकड्या येतात पण त्या ऑपरेशनच्या आधीही वाकड्याच यायच्या.