सांतियागोचे सिंह आणि नसलेला भात

गाजलेल्या कादंबरीत स्वप्नं आणि आशा नेमकं काय काम करतात, असं तुम्ही विचारलंय. मी एकाच पुस्तकाच्या आधारे सांगतो, कारण ते मी अनेकदा वाचलंय: अर्नेस्ट हेमिंग्वेचं १९५२ सालचं 'द ओल्ड मॅन अँड द सी'. पु. ल. देशपांड्यांनी ते 'एका कोळियाने' या नावानं मराठीत आणलं. कोळी म्हणजे मासे धरणारा, आणि पडला तरी पुन्हा भिंत चढून जाळं विणणाराही. हे नाव मला फार आवडतं.

क्यूबातल्या म्हाताऱ्या सांतियागोला ८४ दिवस एकही मासा मिळालेला नाही. पहिले ४० दिवस मनोलिन हा पोरगा त्याच्या होडीवर होता, मग आईबापांनी त्याला दुसऱ्या होडीवर धाडलं.

आपण 'स्वप्नं आणि आशा' एका दमात म्हणून टाकतो, पण इथे त्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. म्हाताऱ्याच्या स्वप्नात आता मोठा मासा येत नाही. वादळं, मारामाऱ्या, वारलेली बायको, काहीच येत नाही. येतात ती नुसती ठिकाणं, आणि पोरवयात शिडाच्या जहाजावर असताना आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पाहिलेले सिंह, तिन्हीसांजेला मांजराच्या पिल्लांसारखे खेळणारे. ते त्याच्याकडे काही मागत नाहीत. स्वप्न हा त्याचा विसावा आहे, इतकंच.

आशा मात्र जागेपणीची आहे, आणि ती हातात आहे. इतरांचे गळ प्रवाहाबरोबर वाहवत जातात, हा आपला प्रत्येक गळ ठरल्या खोलीवर सरळ ठेवतो. नशीब आलंच तर आपण तयार असावं, एवढाच त्याचा हिशेब.

आणि ही आशा एकट्याची नाही. पोरगा विचारतो, जेवायला काय आहे? म्हातारा म्हणतो, पिवळा भात आणि मासा. भात नसतो. पोरगा म्हणतो, मी जाळं नेऊ का? जाळंही नसतं, ते कधीच विकलंय. दोघांनाही ठाऊक असतं, तरी हे बोलणं रोज होतं. इथे मी दर वेळी थांबतो. आमच्याकडे बैल विकल्यावरही आजोबा मृगाच्या आधी तिफण काढून पुसायचे आणि आजी विचारायची, "औंदा काय पेरायचं?" लहानपणी मला वाटायचं, आजी विसरली. ती विसरली नव्हती.

८५व्या दिवशी मासा लागतो, अठरा फुटी, होडीपेक्षा दोन फूट लांब. पुढे शार्क येतात. पहिल्या शार्कनं लचका तोडल्यावर म्हातारा स्वतःला बजावतो की आशा सोडणं हा मूर्खपणा आहे, पापच आहे. मग ती आशा किती लहान होत जाते ते बघा: अख्खा मासा, मग निदान पुढचा अर्धा, शेवटी नुसतं घर गाठणं. विकत मिळत असेल तर थोडं नशीब घ्यावं, असंही त्याच्या मनात येतं. पण द्यायचं काय? हारपून, म्हणजे मासा मारायचा दोरीचा भाला, गेला, सुरी मोडली, हात सोलवटले.

पुष्कळ जण शेवटच्या ओळीतले सिंहच लक्षात ठेवतात. मला त्याच्या जरा आधीचा प्रसंग मोठा वाटतो. किनाऱ्याला नुसता सांगाडा बांधलेला आहे, पोरगा म्हाताऱ्याचे हात बघून रडलाय, आणि तरी आता पुन्हा बरोबरच जायचं असं त्यानं ठरवून टाकलंय. मग दोघं नव्या भाल्याचं बोलायला लागतात. पातं जुन्या फोर्ड गाडीच्या कमानपाट्याचं करू, हवानाजवळच्या ग्वानाबाकोआला नेऊन धार लावून आणू. फार कडक पाणी द्यायचं नाही, नाहीतर सुरीसारखं मोडेल.