तुलनेची गावे आणि नागमोडी रेघ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वर्तमानपत्रांत एका महिन्यात एखादी गोष्ट आरोग्याला उपकारक असल्याचे ‘संशोधनातून सिद्ध’ होते आणि दुसऱ्या महिन्यात तीच अपायकारक ठरते. सामान्य माणसाने यातले काय खरे मानावे? (एक निवृत्त शिक्षक, नांदेड)

उत्तर : बातमी वाचताना ‘काय आढळले’ याआधी ‘कशाशी तुलना करून आढळले’ हे विचारावे. बातमीत नेमके हेच बहुतेक वेळा गाळलेले असते, आणि त्यावाचून निष्कर्षाला अर्थ उरत नाही. आपल्याच राज्यातले उदाहरण घेऊ. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात 1993 ते 1998 या काळात नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग केला. गावातल्याच, फारशा न शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. बाळाचे वजन करणे, त्याला उबदार ठेवणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे आणि गरज पडल्यास जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे हे सारे त्या करू लागल्या. प्रयोगाच्या 39 गावांत 1000 जिवंत जन्मांमागे 62 नवजात बाळे दगावत होती. शेवटच्या वर्षी हे प्रमाण 25.5 वर आले.

एवढ्यावर थांबलो असतो तर ती एक आनंदाची बातमी झाली असती, संशोधन नव्हे. त्या पाच वर्षांत रस्ता झाला असेल, पाऊसपाणी बरे झाले असेल, सरकारी दवाखाना सुधारला असेल. मग श्रेय नेमके कोणाचे? म्हणून त्याच जिल्ह्यातल्या 47 गावांत, जिथे हा उपक्रम नव्हता, तिथेही जन्म आणि मृत्यू मोजले जात होते. तिथले प्रमाण 60 च्या आसपासच राहिले. हा फरक हातात आल्यावरच 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे छापता आले. तुलनेची ती 47 गावे या शोधनिबंधातली सर्वांत महत्त्वाची गावे आहेत, असे मला वाटते, आणि त्यांच्याविषयी आपल्याकडे सर्वांत कमी बोलले जाते.

तरीही आक्षेपाला जागा होती. कोणते गाव कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवले नव्हते. आणि जे काम एका ध्येयवेड्या संस्थेच्या नजरेखाली होते, ते इतरत्र तसेच होईल याची हमी कोण देणार? अशा आक्षेपाला वाद घालून उत्तर मिळत नाही, प्रयोग पुन्हा करूनच मिळते. बांगलादेशातल्या सिल्हेट जिल्ह्यात घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची याच धर्तीची पद्धत वापरून, गट चिठ्ठीने ठरवून, अभ्यास झाला आणि तो 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथली घट 34 टक्के निघाली. आकडा गडचिरोलीपेक्षा लहान आहे, दिशा मात्र तीच आहे. पुनरावृत्तीत पहिल्या यशाचा आकडा उतरणे ही नेहमीची गोष्ट असून त्यावरून पहिला प्रयोग खोटा ठरत नाही. 2011 पासून आपल्या देशात आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी जी भेट देतात, तिच्यामागे हा सगळा प्रवास आहे. खाण्यापिण्याविषयीच्या ज्या बातम्यांनी आपण वैतागला आहात, त्यांतल्या पुष्कळशांमागे मात्र केवळ एखादी पाहणी असते: अमुक खाणारे निरोगी आढळले, एवढीच. ते खाण्यामुळे निरोगी राहिले, की मुळात खाऊनपिऊन सुखी असल्यामुळे ते खातही होते आणि निरोगीही होते, हे अशा पाहणीतून सहसा उलगडत नाही.

प्रश्न : अर्थशास्त्रज्ञ एकाच देशातल्या, एकाच वर्षातल्या गरिबांची संख्या वेगवेगळी सांगतात. मग अर्थशास्त्राला शास्त्र का म्हणावे? (पदवीच्या वर्गातील एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : आपली तक्रार वाजवी आहे आणि तिचे सर्वांत मोठे उदाहरणही आपल्याच देशातले आहे. 2004-05 या वर्षी भारतातील 27.5 टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली असल्याचे आधी मानले जात होते. सुरेश तेंडुलकर समितीने 2009 मध्ये अहवाल दिला, तेव्हा त्याच वर्षाचा आकडा 37.2 टक्के झाला. दरम्यान कोणी नव्याने गरीब झाले नव्हते. रेषा सरकली होती.

ही रेषा कशी आखायची, याचा पाया पुण्यातल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत काम करणाऱ्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये घातला. माणसाला दिवसाला 2250 उष्मांक मिळतील एवढे अन्न ज्या खर्चाच्या पातळीवरची कुटुंबे प्रत्यक्षात घेतात, ती पातळी त्यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकडेवारीतून शोधली. 1960-61 च्या किमतींनुसार ती खेड्यात दरडोई महिना 15 रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये निघाली. ग्रामीण भागातले सुमारे 40 टक्के आणि शहरांतले सुमारे निम्मे लोक तिच्याखाली होते. आज हे साधे वाटते, पण गरिबीविषयीचा कळवळा मोजता येण्याजोगा करणे ही त्या काळी मोठीच उडी होती.

तिला हरकत घेतली तीही मराठी माणसाने. पां. वा. सुखात्मे हे मूळचे सातारा जिल्ह्यातले संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत त्यांनी दीर्घकाळ काम केले होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, सरासरी गरज ही भेदरेषा होऊ शकत नाही. निरोगी माणसांच्या गरजा एकमेकांपेक्षा वेगळ्या असतात, इतकेच नव्हे तर एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते. तेव्हा सरासरीपेक्षा कमी खाणाऱ्या प्रत्येकाला उपाशी मोजले, तर धडधाकट माणसेही त्यात धरली जातात. त्यांनी सुचवलेली मर्यादा बरीच खाली होती आणि साहजिकच त्यांचा आकडाही लहान होता. हा वाद 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या पानांवर चांगलाच रंगला.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. या वादात कोणी आकडे लपवले नव्हते. पाहणी तीच होती, गणितही तपासता येण्याजोगे होते. मतभेद होता तो कुपोषण आणि दारिद्र्य या एकाच गोष्टी आहेत काय, आणि माणसाच्या शरीराने किती ओढाताण सोसणे ‘नॉर्मल’ मानायचे, याविषयी. यातला दुसरा प्रश्न निम्मा शरीरशास्त्राचा आणि निम्मा आपल्या नीतिबुद्धीचा आहे. माझा कल दांडेकरांच्या बाजूचा आहे, कारण अंगाने तग धरला म्हणून पोट भरले असे म्हणवत नाही. मात्र सुखात्मे यांनी सांख्यिकीचा जो मुद्दा काढला तो बिनतोड होता, हे मान्य केलेच पाहिजे. शास्त्र म्हणायचे ते एवढ्यासाठी की, कोण कोणत्या गृहीतकावर उभा आहे हे त्यात उघड बोलावे लागते.

प्रश्न : भांडारकर संस्थेची महाभारताची आवृत्ती म्हणजे व्यासांचे मूळ महाभारत असे समजावे काय? तसे असेल तर गणपतीने लेखन केल्याची कथा तिच्यात का नाही? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : नाही, तसे समजू नये, आणि तसे समजू नये हे खुद्द संपादकांनीच सांगून ठेवले आहे. पुण्यात 1919 मध्ये सुरू झालेले हे काम 1966 मध्ये पुरे झाले आणि त्यासाठी 1259 हस्तलिखिते तपासली गेली. वि. सी. सुखठणकर यांनी 1925 मध्ये संपादनाची सूत्रे हाती घेऊन जी पद्धत बसवली, ती अशी : काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळम लिपीपर्यंतच्या पोथ्या ओळीला ओळ लावून ताडून पाहायच्या. एकमेकींपासून दूर असलेल्या, एकमेकींवरून उतरवल्या जाण्याचा संभव नसलेल्या परंपरांत जे समान आढळते, ते जुने मानायचे. जे काही थोड्याच पोथ्यांत सापडते, ते नंतर भर पडलेले धरायचे. गणपतीची कथा या दुसऱ्या वर्गात गेली. ती फेकून मात्र दिलेली नाही, परिशिष्टात जशीच्या तशी छापली आहे. गाळलेली प्रत्येक ओळ वाचकाला सापडावी, असा या आवृत्तीचा कटाक्ष आहे.

मला या आवृत्तीत सर्वांत आवडते ती एक बारीकशी खूण. जिथे संपादकाला आपल्याच निवडीची खात्री नव्हती, तिथे त्या शब्दांखाली नागमोडी रेघ छापलेली आहे आणि पानाच्या तळाशी कोणत्या पोथीत कोणता पाठ (म्हणजे त्या जागी कोणते शब्द) आहे याची यादी आहे. शंका छापून ठेवण्याची ही रीत आपल्या पुष्कळ वैद्यकीय बातम्यांनी उचलावी अशी आहे. सुखठणकरांचा दावा होता तो उपलब्ध पोथ्यांवरून जितके मागे जाता येते तितके मागे जाण्याचा. आदिपर्व 1933 मध्ये पुरे झाल्यानंतर नेपाळातून एक फार जुनी पोथी उजेडात आली. तिच्याशी ताडून पाहता त्यांनी स्वीकारलेले पाठ मोठ्या प्रमाणात खरे ठरले. गडचिरोलीनंतर सिल्हेट, तसेच हेही म्हणायचे.

प्रश्न : तज्ज्ञांनी तपासून छापलेला शोधनिबंधही चुकीचा असू शकतो का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : असू शकतो. तपासणारे तज्ज्ञ पुढ्यात आलेली मांडणी आणि गणित पाहतात, ते प्रयोगशाळेत जाऊन तारा हलवून बघत नाहीत. तारांचा उल्लेख सहज केलेला नाही. 2011 च्या सप्टेंबरमध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून इटलीतल्या ग्रान सास्सोकडे सुमारे 730 किलोमीटर अंतरावर पाठवलेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा सुमारे 60 अब्जांश सेकंद आधी पोहोचल्याचे ‘ऑपेरा’ गटाने जाहीर केले. आपल्यालाच यावर विश्वास बसत नाही, चूक शोधायला मदत करा, असेच त्यांचे म्हणणे होते. पुढच्या वर्षी ऑप्टिकल फायबरच्या केबलची एक जोडणी सैल असल्याचे आढळले, आणि त्याच ठिकाणच्या दुसऱ्या गटाच्या मोजणीतही न्यूट्रिनोंचा वेग प्रकाशापेक्षा अधिक निघाला नाही.

प्रश्न : मूळ संशोधन सामान्य वाचकाला कुठे पाहायला मिळेल? (वरील सांगलीच्याच विद्यार्थिनी)

उत्तर : भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत आणि त्यांत मराठीतले प्रबंधही पुष्कळ आहेत. वैद्यकीय निबंधांचे सारांश ‘पबमेड’वर मिळतात. सारांश वाचताना पद्धतीचा परिच्छेद आधी वाचावा, निष्कर्षाचा नंतर. दांडेकर-रथ यांचा मूळ निबंध आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मागून पाहावा. इंग्रजी असला तरी आपल्याला जड जाणार नाही.