गुडघा मुरगळलाय, सांगू की नको?

प्रश्न : धाकटा भाऊ कामठीत सैनिकी ट्रेनिंग घेतोय. खड्ड्यावरून उडी मारताना गुडघा मुरगळला. बॅच मागे पडेल म्हणून तो कुणाला सांगत नाही. काय करावं?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आजच एमआय रूममध्ये (सैनिकी तळावरचा दवाखाना) दाखवायला सांगा. ‘कट्’ असा आवाज आला होता का? दोन-चार तासांत गुडघा टम्म सुजला? वळताना निसटतो? मग लिगामेंट (हाडांना हाडं बांधून ठेवणारा पट्टा) फाटल्याची शंका धरायची. तसाच धावला तर आतली गादीही फाटू शकते, आणि मग महिनेच्या महिने जातात. पेनकिलर खाऊन परेड मुळीच नको. दुखणं दबतं, इजा वाढते. बर्फ कपड्यात गुंडाळून १५ मिनिटं, दिवसातून ३-४ वेळा. मांडी फार लवकर वाळते हो! डॉक्टरांनी होकार दिला की गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी ५ सेकंद आवळायची, १० वेळा. ३० मिनिटं न दुखता चालता आलं, तरच १ मिनिट धाव, १ मिनिट चाल.