हत्तीण, टिप्या आणि काकांचा राग

"कुत्रं गेलं म्हणून कुणी तुमच्याकडं येतं का हो?" असं मला, एका समुपदेशिकेला, फोनवर विचारणारा माणूस आधी हसतो. ते हसू मला आता ओळखू येतं. पाठोपाठ "नाही, सहज विचारलं" येतं, आणि मग बराच वेळ पलीकडून काहीच ऐकू येत नाही.

येतात. पण तेवढंच कारण सांगून फार थोडे येतात. बाकीचे झोप येत नाही, बीपी वाढलंय, घरात भांडणं होतात असं काहीतरी पुढं करतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये शिरोळ तालुक्यातले एक काका आले, ते चक्क हत्तीण घेऊन आले.

(गाव, वय, नात्यांचे काही तपशील मी बदललेत. "लिवा की, त्यात काय चोरी हाय," असं काका-काकू दोघांनी म्हटल्यावरच हे लिहिते आहे.)

बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. नांदणीच्या जैन मठात तीस वर्षांहून जास्त काळ असलेली महादेवी हत्तीण, लोकांची माधुरी, न्यायालयाच्या आदेशानं जुलैअखेर गुजरातला जामनगरच्या वनतारा या अंबानींच्या प्राणी-केंद्रात नेली. तिला संधिवात आहे, पाय आणि नखं खराब झालीत, ती एकटी पडलीय, असं प्राणिहक्कवाल्यांचं म्हणणं. ती आमच्या घरातली आहे, असं लोकांचं म्हणणं. निरोपाला सगळा परिसर रस्त्यावर उतरून रडला. ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरपर्यंत मूक पदयात्रा निघाली, लोकांनी रागानं अंबानींच्याच जिओची सिमकार्डं बदलली, शेवटी मुख्यमंत्र्यांना बैठक घ्यावी लागली. आमच्या भागात त्या पंधरवड्यात चहाच्या टपरीपासून दवाखान्यापर्यंत दुसरा विषय नव्हता. यात माझंही एक मत आहे. ते काकांना कळू दिलं नाही, इथंही सांगत नाही.

काका एकसष्ट वर्षांचे. साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी झाली, आता दोन एकर ऊस बघतात. त्यांना काकू घेऊन आल्या होत्या. तक्रार अशी की माणूस रात्री तीनला उठून मोबाईलवर हत्तिणीचे व्हिडिओ बघतो, दिसेल त्याच्याशी भांडतो. पुण्यात आयटीत असलेल्या पुतण्यानं घरच्या ग्रुपवर लिहिलं, "नाना, तिचे पाय बघा. तिथं निदान इलाज तरी होईल." त्यावर काकांनी जे लिहिलं ते इथं छापण्यासारखं नाही. मग ते ग्रुपमधून बाहेर पडले. मग पुतण्याचे वडील, म्हणजे काकांचे थोरले भाऊ, बोलायचे बंद झाले. दोघं भाऊ गावच्या राजकारणात आधीच दोन गटांत. त्यामुळं सगळ्यांनी ते गटाच्या खात्यावर टाकलं आणि विषय मिटवला.

मीही थोडंफार तेच केलं, हे कबूल करते. पहिल्या भेटीत मला वाटलं, निवृत्त माणूस, हातात मोबाईल, बातम्यांचं व्यसन. अशी माणसं निवडणुकीच्या दिवसांत माझ्याकडं ओळीनं येतात. मी बातम्यांची वेळ ठरवून दिली, सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास, रात्री मोबाईल काकूंच्या उशाला. काकांनी ते अगदी शिस्तीत पाळलं. आणि पुढच्या आठवड्यात ते आणखी उतरलेले दिसले.

"मोबाईल घेतला तर हे नुसते परड्याच्या दाराकडं बघत बसतात, मॅडम," काकू म्हणाल्या. "जेवतानासुद्धा."

"दाराकडं का?"

"टिप्या यायचा न्हवं त्या दारातनं."

"त्याचं काय काढतीस हितं?" काका एकदम खेकसले. मग खिशातला रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसायला घेतला आणि तो बराच वेळ पुसत राहिले.

टिप्या म्हणजे गावठी कुत्रा, अंगानं तांबूस, कानावर पांढरा ठिपका. बारा वर्षांचा. हत्तीण गेली त्याच्या चारच दिवस आधी गेला. मूत्रपिंडं निकामी झाली होती. आधी पाणी फार प्यायला लागला, मग खाणं सुटलं, मग उलट्या. जनावरांच्या डॉक्टरांनी सलाईन लावून बघितलं, आणि शेवटी काकांना बाजूला घेऊन सांगितलं की आता हाल होतायत, इंजेक्शन द्यायचं का ते ठरवा. काकांनी हो म्हटलं. उसाच्या बांधावर पुरला. त्याच दुपारी पाणीपट्टीचं काम होतं म्हणून पंचायतीत गेले. तिथं कुणीतरी विचारलं, तोंड का उतरलंय. "कुत्रं मेलं," म्हणाले. समोरचा म्हणाला, "मग दुसरं आणा की."

तिथून पुढं बरेच दिवस त्यांनी टिप्याचं नाव काढलं नव्हतं.

केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकांनी १९८९ मध्ये अशा दुःखाबद्दल लिहिलं. दुःख खरं असतं, पण भोवतालचा समाज त्याला दुःख म्हणून मानत नाही, त्यामुळं माणसाला ते उघड करता येत नाही आणि कुणाची सोबतही मिळत नाही. आपल्याकडं माणूस गेलं की सगळं ठरलेलं आहे. लोक भेटायला येतात, शेजारून पिठलं-भाकरी येते, दहावा होतो, तेरावा होतो. रडायला जागा आणि मुदत दोन्ही मिळतात. घरचा बैल गेला तरी गावात चार माणसं दारात येऊन जातात. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, त्याची आठवण निघते. कुत्र्याला यातलं काही नाही. नृसिंहवाडीला दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात, त्यांना आपण हात जोडतो, आणि घरातलं गेलं तर पंचायतीत हसं होतं.

मग काकांनी काय करायचं? चार दिवसांनी अख्खा तालुका एका मुक्या जनावरासाठी उघड उघड रडत होता. तिथं काकांना रडता आलं. कुणी विचारलं नाही, कुणी हसलं नाही. आणि मग पुतण्यानं लिहिलं, तिथं इलाज होईल. म्हणजे 'जनावराच्या भल्यासाठीच' पाठवलं. काकांनी चार दिवसांपूर्वी स्वतःच्या मनाला नेमकं हेच सांगितलं होतं, आणि ते त्यांना पटत नव्हतं.

एक गोष्ट मात्र इथंच सांगायला हवी, नाहीतर माझ्याच क्षेत्रातले लोक तिचा दुरुपयोग करतात. राजकारणावर चिडणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात काहीतरी खासगी दुःख दडलेलं असतं, असं अजिबात नाही. उसाच्या दरावर चिडलेला शेतकरी उसाच्या दरावरच चिडलेला असतो, त्याचं बालपण उकरायची गरज नाही. काकांचं हत्तिणीबद्दलचं मतही त्यांचं खरं मत होतं, आजही आहे. फक्त त्या मतानं रात्री तीनला उठवू नये.

"मी मारलं त्याला," हे वाक्य तिसऱ्या भेटीत आलं. पाळीव जनावराला शेवटचं इंजेक्शन दिलेले जवळजवळ सगळेच हे म्हणतात, आणि घरचे लगेच "तुम्ही योग्यच केलंत" म्हणून मोकळे होतात. त्यानं काही होत नाही. माणूस गप्प बसतो, एवढंच. मी काकांना विचारलं, काट्यावर तुम्ही रोज काय करत होता? ते म्हणाले, भरलेली गाडी जोखायची, रिकामी गाडी जोखायची, वहीत मांडायचं. मग तसंच मांडा, म्हटलं. शेवटचे दहा दिवस. तारीख, वेळ, काय खाल्लं, किती उलट्या, किती पावलं चालला. मनानं काही घालायचं नाही.

पुढच्या वेळी चौकोनी वही घेऊन आले. अक्षर छापल्यासारखं. त्यांनीच वाचून दाखवलं. पाच दिवस पोटात अन्न नाही. शेवटच्या रात्री अकरा, एक, सव्वातीन आणि पाचला उठून पाणी पाजायचा प्रयत्न केलेला, चारही वेळा उलटून पडलेलं. तीनला उठायची सवय कुठून लागली तेही त्या वहीतच सापडलं. वही मिटून म्हणाले, "ह्यात माझी चूक कुठल्या रकान्यात बसवू, तेच कळंना."

मला वाटलं, संपलं. पण काका उठले नाहीत.

"ही न्हाई वो. चूक एकोणीस सालची हाय."

२०१९ च्या ऑगस्टचा महापूर शिरोळ तालुक्यातल्या माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. घरात पाणी शिरलं तेव्हा बोट आली, बोटीत माणसांनाच जागा. टिप्याला गच्चीवर ठेवला, भाकरीची चवड आणि पाण्याची घागर ठेवली. दोन दिवसांत येतो म्हणून गेले ते नवव्या दिवशी परतले. टिप्या जिवंत होता, नुसती हाडं राहिली होती. काकांना बघून तो भुंकला नाही, नुसता येऊन पायावर डोकं टेकून पडला.

"बोटीतनं मागं बघितलं तवा कठड्यावर दोन पाय टाकून हुभा हुता," काका म्हणाले. "त्या माधुरीला गाडीत घातली, तवा मला सगळं तेच दिसाय लागलं."

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा पाणी यायच्या आधीच त्यांनी टिप्याला ट्रॅक्टरमध्ये घातलं होतं. निवाऱ्याच्या शाळेत कुत्रं आत चालणार नाही म्हणाले, तर काका सात रात्री बाहेर व्हरांड्यात झोपले. हे काकूंनी सांगितलं. काकांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. मी म्हटलं, हेही वहीत मांडा, जोखायचं तर दोन्ही गाड्या जोखायला हव्यात. त्यावर ते पहिल्यांदा थोडंसं हसले.

पुढचं फार नाट्यमय नाही. पहाटे साडेपाचला टिप्याला घेऊन शेताकडं चक्कर व्हायची, ती बंद पडली होती. ती एकट्यानं का होईना चालू ठेवायची ठरली, कारण दिवसाचा सगळ्यात जड तास तोच होता. त्याची जर्मनची थाळी काकूंनी माळ्यावर टाकली होती, ती काकांनी परत खाली आणून परड्यात ठेवली. चिमण्या पाणी पितात. शेजाऱ्यांनी आठव्या दिवशीच पिल्लू आणून दाखवलं होतं. ते मी थांबवायला सांगितलं. नवं पिल्लू आणायला हरकत काहीच नाही, पण टिप्याची रिकामी जागा भरायला आणलं तर त्या पिल्लाची रोज तुलना होते, आणि त्या बिचाऱ्याचा त्यात काय दोष? काकांना औषधं लागली नाहीत. पण आठवडेच्या आठवडे खाणं-झोप उडालेली असेल, जगून काय करायचं असं मनात येत असेल, तर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडं जा. १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी क्रमांकावर फुकट आणि मराठीत बोलता येतं.

राहिला पुतण्या. टिप्या कुठून आला, असं मी खूप उशिरा विचारलं. काका म्हणाले, त्यानंच आणला की. २०१३ ला दहावीत होता, गटारीत सापडलेलं पिल्लू दप्तरात घालून आणलं, आणि बारावीनंतर पुण्याला निघून गेला.

"त्याला कळवलं होतं का, टिप्या गेल्याचं?"

काका काकूंकडं बघायला लागले, काकू काकांकडं. दोघांनाही वाटत होतं, दुसऱ्यानं कळवलं असेल. पुण्यातल्या पोराला नानांचे फक्त हत्तिणीचे मेसेज दिसत होते.

त्या संध्याकाळी काकांनी त्याला फोन लावला. काय बोलणं झालं मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. गणपतीला तो आला. बसमधून उतरून घरी जायच्या आधी नाना-पुतणे बांधावर जाऊन आले, असं काकूंनी सांगितलं. चिखलानं दोघांचेही पाय गुडघ्यापर्यंत भरले होते आणि थोरल्या भावानंच त्यांना दारात पाणी आणून दिलं.

"मग आता भांडण मिटलं म्हणायचं?" मी विचारलं.

"कशाचं मिटतंय," काकू म्हणाल्या. "गौरी जेवणाच्या दिवशी परत हत्तिणीवरनं दोघांची जुंपली. पुरणपोळी गार झाली. पर ताटं शेजारी शेजारीच हुती."